मागच्या दाराचे सुभेदार

सुभेदारांच्या घराला पुढचं दार होतं, पण ते मी कधी उघडं पाहिलं नाही. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा दहा मिनिटं ओसरीवर उभी राहून कडी वाजवत होते. ओसरीत कडबा तोडायचं यंत्र, विहिरीवरून काढून आणलेलं जुनं इंजिन आणि दोन लोखंडी पिंपं अशी दाराला टेकवून मांडलेली, की आतून कुणी उघडायचं म्हटलं तरी उघडलं नसतं. शेवटी शेजारच्या परसातून एक बाई म्हणाली, "आवं बाई, मागनं जावा. फुडनं कोन जात न्हाई त्यांच्यात."

घराला वळसा घालून मागे गेले. तिथं भिंत फोडून बसवलेलं दोन झडपांचं नवं दार सताड उघडं होतं आणि सुभेदार आत पाटावर बसून चहा पीत होते. मी कडी वाजवत होते ते त्यांनी ऐकलं होतं. बाईंना मागचं दार सापडायला किती वेळ लागतो ते बघत होतो, असं त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं.

मग घराची रचना समजावून दिली. पलटणीतल्या त्यांच्या गाडीत इंजिन पुढं असतं. समोरून काही आलं तर ते आधी इंजिनाच्या अंगावर येतं, माणसांच्या नाही. माणसं मागं बसतात आणि मागच्या दारानं उतरतात, म्हणजे उतरताना सगळी गाडी त्यांच्या आणि शत्रूच्या मध्ये असते. गावातल्या सगळ्या घरांना दारं पुढं आहेत ही गवंड्यांची चूक आहे, आणि ती त्यांनी आपल्यापुरती सुधारून घेतली होती.

"हितं शत्रू कोन येनार हाय, ते इचारा त्यांस्नी," चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या. "माजी ननंद?"

सुभेदारांनी यावर थोडा विचार केला आणि ते नाकबूल करता येत नाही असं सांगून कपातला राहिलेला चहा संपवला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. कऱ्हाडपासून दोन कोसांवरच्या एका गावातल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागले होते. मी माण तालुक्यातली. आमच्याकडे पुरुष मुंबईला आणि बायका मेंढरांमागं, त्यामुळे शिकून नोकरीला लागलेली घरातली मी पहिलीच. अजून कायम झाले नव्हते. सुभेदार त्याच वर्षी पलटणीतून निवृत्त होऊन आले होते आणि आमच्या शाळेत कवायत घेत होते. बुटके, रुंद, मिशा पांढऱ्या, आणि चालताना दोन्ही हात शरीराला असे चिकटवलेले, की वाटावं रस्ता अरुंद आहे. गावाला हमरस्ता होता तरी ते तसेच चालत.

नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांनी जवानांना एक नवी गाडी शिकवण्यात घालवली होती. ती रशियातून आली होती. तिचं नाव त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. ते मला पुढं कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्रातल्या संचलनाच्या फोटोखाली वाचायला मिळालं, बीएमपी. सुभेदार नुसतं 'गाडी' म्हणायचे, आणि त्यांच्या बोलण्यात दुसऱ्या कुठल्याही वाहनाला गाडी म्हणत नसत. एसटीला एसटी, जीपला जीप.

कुणी त्या गाडीला रणगाडा म्हटलं की ते दुखावत. रणगाडा एकटा फिरतो, त्याच्या पोटात पायदळ नसतं. ट्रकमध्ये पायदळ असतं पण ट्रकला ना चिलखत ना तोफ. ही गाडी या दोघांच्या मधली. पुढं ड्रायव्हर, त्याच्या मागं कमांडर, मध्ये बुटक्या घुमटात तोफेवर एकटा गनर, आणि मागं आठ जवान. अंगावर पोलाद, पोटाला साखळ्यांचे पट्टे. रणगाड्याच्या बरोबरीनं धावते आणि नदी आली तर पोहून जाते. हे सगळं ते सांगत. पोलाद किती जाड आहे असं विचारलं, की डावा हात तोंडावर ठेवत आणि डोळ्यांनीच नाही म्हणत. मग आम्ही मुद्दाम विचारायचो.

माझी आणि त्यांची ओळख वाढली ती या पोलादापायीच. एकदा मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेत आले आणि दाराशी उभं राहून म्हणाले, की पलटणीत त्यांना एक गोष्ट पाठ करायला लावली होती, ती त्यांनी शेकडो जवानांकडून पाठ करून घेतली, पण ती अशी का आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गाडीच्या नाकाचा पत्रा उभा नसून तिरपा असतो, आणि तिरपा पत्रा उभ्यापेक्षा जास्त वार सोसतो. का?

मी फळ्यावर एक उभी पट्टी काढली आणि एक तिरपी. समोरून येणारी गोळी म्हणून एक आडवी रेघ दोन्हींमधून ओढली. तिरप्या पट्टीतून जाताना ती रेघ लांब झाली होती. पत्रा तोच, जाडी तीच, पण गोळीला आरपार जायला जास्त लोखंड कापावं लागतं, आणि पुष्कळदा ती कापण्याऐवजी घसरून वर निघून जाते. सुभेदार फळ्याजवळ गेले. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला पुढं बोलायचा मोह झाला. नाकाचा पत्रा किती तिरपा असतो म्हणून मी विचारलं. त्यांनी टेबलावरची पाटी उचलून जवळजवळ आडवी होईपर्यंत कलती धरली. मी कोनमापक लावून कोन घेतला, जाडी माहीत नाही म्हणून तिला क्ष म्हटलं आणि गणित मांडलं. कितीपट फायदा होतो त्याचं उत्तर खाली लिहून त्याला चौकट केली.

सुभेदारांनी उत्तर वाचलं, दाराकडे पाहिलं आणि डस्टर घेऊन सगळा फळा पुसून काढला. कोन पुसला, रेघ पुसली, वरची तारीखसुद्धा पुसली.

"बाई, तुमी हे कुनाला शिकवू नगा," ते म्हणाले. "आन मी पाटी धरली हुती हे तर इसरूनच जावा."

त्यानंतर ते मला फार मान देऊ लागले. माझ्याविषयी बोलताना ते लोकांना सांगत, की या बाईंना जाडी सोडून सगळं माहीत आहे.

तेरा टन लोखंड पाण्यावर तरंगतं यावर गावाचा विश्वास नव्हता. चावडीवर त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. म्हणून त्यांनी एका रविवारी आपली पलटणीतली पत्र्याची पेटी कृष्णेवर नेली. तिच्यात वरवंटा, दोन पहारी आणि विळे-खुरपी घातली, पुढच्या अंगाला एक फळी उभी बांधली, कारण गाडी पाण्यात उतरताना नाकासमोर अशी फळी उभी करते, म्हणजे पाणी वर चढत नाही. पेटी तरंगली. घाटावर जमलेली माणसं गप्प झाली. सुभेदारांनी मग पाण्याचा नियम माझ्या हवाल्यानं समजावून सांगायला सुरुवात केली, आणि तो सांगून होईपर्यंत पेटी बिजागरीच्या फटीतून पाणी पिऊन काकूंच्या वरवंट्यासकट खाली गेली. ते मुळीच खजील झाले नाहीत. गाडीत शिरलेलं पाणी बाहेर टाकायला पंप असतो, तो या पेटीला बसवायचा राहिला होता, एवढंच. वरवंटा काढायला त्यांनी स्वतः बुड्या मारल्या. काकूंनी तो वरवंटा घेतला, बघितला आणि तीन दिवस चटणी वाटली नाही.

पण सुभेदारांचं नाव आमच्या शाळेत कायमचं झालं ते खडूच्या गाडीमुळं.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीचा शनिवार होता. विद्यार्थी गेले होते. सुभेदारांनी शाळेच्या पटांगणात खडूनं गाडीचा आराखडा काढला, हुबेहूब मापाचा, आणि सगळ्या शिक्षकांना त्यात बसायला बोलावलं. मुख्याध्यापक कमांडर. ते साताऱ्याचे, सहा फूट उंच, सभ्य, इस्त्रीचं धोतर नेसणारे, आणि कुणालाही न दुखावण्यात ज्यांचं आयुष्य चाललं आहे असे गृहस्थ. त्यांना ड्रायव्हरच्या मागच्या चौकोनात बसवलं तेव्हा गुडघे हनुवटीला लागले. सुभेदार त्यांच्याकडे फार दयेनं बघत होते. उंची हा त्यांच्या लेखी दोष होता. गाडी बुटकी असते, म्हणजे लांबून दिसत नाही, आणि म्हणून तिच्यात माणसंही बुटकी घ्यावी लागतात.

आम्ही आठजण मागं. बाकांच्या दोन ओळी गाडीच्या मधोमध, पाठीला पाठ लावून. चार जणांची तोंडं डावीकडे, चार जणांची उजवीकडे. प्रत्येकाच्या समोर खडूची एक छोटी फुली, ते बंदुकीचं भोक. माझ्या पाठीला मराठीच्या सरांची पाठ लागली होती आणि ते श्वास घेत नव्हते असं मला वाटलं.

मराठीच्या सरांनीच विचारलं, की असं पाठमोरं का बसायचं, समोरासमोर बसलं तर बोलता तरी येईल.

सुभेदार म्हणाले, बाहेर बघता यावं आणि आतूनच गोळी चालवता यावी म्हणून. मग थोडं थांबून, पुस्तकात नसलेलं कारणही सांगितलं. "समोरासमोर बसलं की मानसं एकमेकांची त्वांडं बगत बसत्यात. एक भ्याला की सगळी भित्यात. भायेर बगीतलं की तेवडं भ्या वाटत न्हाई."

मग ते गाडीच्या बाहेर उभे राहून 'डिसमाउंट' म्हणून ओरडले. आम्ही खडूच्या मागच्या दारातून धडपडत बाहेर आलो. चित्रकलेचे सर रेघेवरून गेले म्हणून त्यांना परत आत पाठवलं, कारण ते पोलादातून गेले होते. मुख्याध्यापक आपल्या चौकोनातच बसून हसत होते. सुभेदार त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनाही उतरायला सांगितलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "मी कशाला? मी तर गाडीचा कमांडर ना?"

गाडीचा आहे, पण सेक्शनचाही, म्हणजे उतरणाऱ्या तुकडीचाही आहे, सुभेदारांनी सांगितलं. जवान उतरले की कमांडर त्यांच्याबरोबर उतरतो. मागं ड्रायव्हर आणि गनर राहतात. आणि गाडी परत फिरत नाही. ती जवानांच्या मागनं हळूहळू चालते, त्यांच्या डोक्यावरून पुढं तोफ मारत राहते. ट्रकमध्ये आणि गाडीत खरा फरक हाच, असं म्हणून त्यांनी मुख्याध्यापकांना हाताला धरून उठवलं. धोतराला खडू लागला होता. तो दिवस आम्ही पुढं महिनाभर आठवून हसलो.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली. आमच्या शाळेत बोर्डाचं केंद्र होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गात बाहेरून बसलेला एक परीक्षार्थी पायमोज्यातून चिठ्ठ्या काढून लिहिताना मला दिसला. तो काही कोवळा मुलगा नव्हता. तिसऱ्यांदा बसलेला, मिशी राखलेला बाप्या होता. मी चिठ्ठ्या काढून घेतल्या, उत्तरपत्रिका घेतली. मुख्याध्यापक केंद्रसंचालक होते, ते नेमके त्या वेळी वर्गाच्या दारात उभे होते. त्यांनी पाहिलं. अहवालावर सही केली. संध्याकाळी आम्हाला कळलं, की तो आमच्या संस्थेच्या सांगलीच्या एका बड्या पदाधिकाऱ्याचा पुतण्या आहे.

एप्रिलमध्ये मला पत्र आलं. मी परीक्षार्थ्याच्या अंगावर चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याचा अपमान केला अशी तक्रार होती. खुलासा द्यायला सांगलीच्या कार्यालयात हजर व्हावं. पत्राबरोबर एक टंकलिखित कागद होता, माझ्याकडून चूक झाली असं लिहिलेला. खाली सहीपुरती जागा सोडली होती.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, की त्या वेळी आपण वर्गात होतो की व्हरांड्यात, हे आता नीटसं आठवत नाही. त्यांना तीन मुली लग्नाच्या होत्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मला नुसती भीती वाटली. रात्री खोलीवर बसून मी राजीनामा लिहिला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ट्रंक भरायला काढली. गावी आईला काय सांगायचं तेवढं सुचत नव्हतं.

सुभेदारांना मी काही सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले आणि सांगलीला कधी जायचं आहे एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सोमवारी, सकाळच्या एसटीनं.

"एकट्या?"

मी मान हलवली. ते निघून गेले.

मलकापूरला त्यांचे एक दोस्त होते, हमीदमिस्त्री. त्यांचं गॅरेज होतं आणि एक जुना टेंपो होता. लग्नाची वऱ्हाडं न्यायला त्यात दोन्ही बाजूंनी बाकं बसवलेली. शनिवारी सुभेदारांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं, की सोमवारी बाईंना सांगलीला सोडायला जायचं आहे, टेंपो फुकट आहे, सांगलीच्या गणपतीचं दर्शन होईल आणि येताना भडंग आणता येईल. फक्त सोडायला. सुट्टी लागलेलीच होती. सात शिक्षक तयार झाले. मुख्याध्यापकांना तर यायलाच हवं होतं, कारण केंद्राची फाईल त्यांनी समक्ष आणून द्यावी असं पत्रात होतं. फाईल दारात देऊन आपण टेंपोत थांबू, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं.

सोमवारी सकाळी टेंपो शाळेपुढं उभा राहिला तेव्हा बाकं उपटून मधोमध पाठीला पाठ लावून बसवलेली होती. हमीदमिस्त्री वैतागलेले दिसत होते. ते मला म्हणाले, "रविवार सगळा ह्यात गेला, बाई. मी म्हनलं, वऱ्हाड पाठमोरं बसत नसतं. तर म्हनं, ह्ये वऱ्हाड न्हवं." मुख्याध्यापक पुढं मिस्त्रींच्या शेजारी बसले. आम्ही आठजण मागं. सुभेदार दाराशी उभे राहिले, कोट घालून, त्यावर सगळी पदकं लावून. एप्रिलच्या उन्हात लोकरीचा कोट.

इस्लामपूर मागं पडलं. मी बाहेर बघत होते. ऊस तोडून झालेली रानं, मध्येच एखादा हिरवा पट्टा, पाटाच्या कडेला धुणं धुणाऱ्या बायका. कुणाचाच चेहरा मला दिसत नव्हता, आणि माझाही कुणाला दिसत नव्हता. त्याचं मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. एकदा तर मी थोडं रडूनही घेतलं. पाठीमागून मराठीचे सर नुसते म्हणाले, "पाणी हवंय का बाई?" आणि मान न वळवता तांब्या मागं सरकवला.

सांगलीला कार्यालयापुढं टेंपो थांबला. मी उतरले. माझ्यामागून सुभेदारांनी एकेका शिक्षकाला उतरवलं आणि रस्त्याच्या कडेला ओळीत उभं केलं. दर्शनाला जायचं ना, असं कुणीतरी पुटपुटलं. सुभेदार म्हणाले, जायचं की, पण आधी हे होऊ दे.

मुख्याध्यापक पुढं बसूनच होते. त्यांनी खिडकीतून फाईल माझ्या हातात दिली. सुभेदार चालत टेंपोच्या पुढच्या दाराशी गेले, टाच जुळवून त्यांना सॅल्यूट केला आणि दार उघडलं.

"सर," ते अगदी हळू म्हणाले, "तुमी उतरल्याबिगार ह्ये सेक्शन हालत न्हाई."

ऊन रणरणत होतं. सात शिक्षक ओळीत उभे होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. बराच वेळ गेला असं मला वाटलं. मग त्यांनी आधी एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, धोतर सारखं केलं आणि माझ्या हातातून फाईल परत घेतली.

सुभेदार आत आले नाहीत. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की ते गनर आहेत आणि गनर गाडी सोडत नसतो.

आत तिघे बसले होते. मधल्यांनी आमचा घोळका पाहून कपाळाला आठी घातली आणि एवढे लोक कशाला आणले म्हणून विचारलं. मुख्याध्यापक पुढं झाले. त्यांचे शब्द नेहमीसारखेच स्वच्छ होते.

"केंद्रसंचालक मी होतो," ते म्हणाले. "मी दारात उभा होतो. बाईंनी चिठ्ठ्या त्याच्या मोज्यातून काढल्या, त्या मी पाहिल्या. अहवालावरची सही माझी आहे. बाईंकडून सही हवी असेल, तर त्याआधी माझी सही खोटी ठरवावी लागेल."

मग शेजारच्या वर्गावर असलेले मराठीचे सर बोलले, परीक्षार्थ्यानं बाहेर येऊन केलेली शिवीगाळ त्यांनी ऐकली होती. मग चित्रकलेचे सर. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं त्यांनी, आम्ही काही पाहिलं नाही पण बाई खोटं बोलत नाहीत, असं एकामागून एक सांगितलं. पाऊण तास हे चाललं. मधले गृहस्थ सारखे खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यांनी बोट दाखवून विचारलं, "तो पदकवाला कोण आहे? तो मघापासून असा काय बघतोय इकडं?"

टेंपोच्या शेजारी सुभेदार ताठ उभे होते. कोटावरून घाम निथळत होता. त्यांची नजर खिडकीवरून हलत नव्हती.

"कवायतीचे शिक्षक," मुख्याध्यापक म्हणाले. "ते आमच्याबरोबर आहेत."

टंकलिखित कागदाचा विषय मग पुन्हा निघाला नाही. तक्रार दप्तरी दाखल करण्यात आली, म्हणजे कपाटात गेली. मी जूनमध्ये कायम झाले. मुख्याध्यापकांची बदली झाली, लांबच्या एका शाखेवर. ते कुरकुरले नाहीत. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपल्या भाषणात सांगलीचा उल्लेख केला नाही, पण मी आधी कधी त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांच्या तिन्ही मुलींची लग्नंही यथावकाश झाली, आणि तिन्ही लग्नांना आम्ही हमीदमिस्त्रींच्या टेंपोतून गेलो. मी तो राजीनामा सांगलीतच फाडून टाकला होता.

त्या दिवशी गणपतीचं दर्शन घेऊन सगळे भडंग घ्यायला बाजारात पांगले. मी आणि सुभेदार घाटावर बसलो. त्यांनी आता कोट काढून मांडीवर घेतला होता आणि पाय पाण्यात सोडले होते. मी आभार मानायला लागले तर त्यांनी ते मध्येच तोडले. मग पाण्याकडे बघत, विचारलेलं नसताना, ते सांगू लागले.

गाडीतून ते कधी लढाईला गेले नव्हते. गाडी आली ती लढाईनंतर. एकाहत्तरला त्यांचं सेक्शन ट्रकमधून गेलं होतं. पहाटे ट्रकनं त्यांना एका गव्हाच्या रानाच्या कडेला सोडलं आणि ट्रक मागं फिरला. गहू वीतभर होता. वीतभर गव्हात माणूस लपत नाही. त्यांनी उतरल्यावर एकदा मागं वळून पाहिलं होतं तेव्हा ट्रकची धूळ दिसत होती. दहाजण उतरले होते. दुपारी चौघं होते.

पुढं काही वर्षांनी त्यांना गाडी शिकायला पाठवलं. पहिल्याच सरावात मागचं दार उघडलं, ते जवानांबरोबर उतरले, पन्नासेक पावलं गेले आणि सवयीनं मागं वळून बघितलं.

"गाडी हुती," सुभेदार म्हणाले. "माज्या मागंच हुती. चालत हुती."

पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. मग मला राहवलं नाही म्हणून मी विचारलं, की त्या ट्रकवाल्याचं पुढं काय झालं.

तो लोणंदचा, त्यांनी सांगितलं. आपल्याच पलटणीतला. आता घरी आला आहे, शेती करतो. त्या दिवसानंतर तो सुभेदारांच्या समोर यायचंच टाळायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी पत्ता काढून त्याला दोन पत्रं टाकली होती, उत्तर आलं नव्हतं.

"त्येची चूक न्हवती, बाई," ते म्हणाले. "त्येला हुकूमच तसा हुता. मानूस चांगला हाय. ट्रकच तसला हुता."

एवढ्यात मुख्याध्यापक भडंगाचे पुडे घेऊन आले, आणि आम्ही उठलो.

त्या दिवाळीत सुभेदार न कळवता लोणंदला गेले आणि चार दिवस राहून आले. काय झालं, काय बोलणं झालं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ते पाठीवर अर्धं पोतं कांदा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. लालभडक, पाणीदार कांदा, माती अजून ओली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी प्रत्येकाच्या नावानं चार-चार कांदे मांडले. नवे मुख्याध्यापक गोंधळले. हे कुणी दिले म्हणून त्यांनी विचारलं.

"माज्या ड्रायव्हरनं," सुभेदार म्हणाले, आणि घंटा झाली म्हणून कवायतीला गेले.